क्रिएटिनिनवर थांबू नका
गोचीड-तापावरच्या एका लेखात, या तापानंतर कुत्र्याची किडनी तपासायला फक्त क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्तात मोजतात) सुचवलंय. तेवढं पुरत नाही हो! किडनीचं जवळपास ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. एर्लिकिया किंवा लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजारांमध्ये अँटिबॉडी आणि जंतूंचे अंश मिळून किडनीच्या गाळणीत अडकतात, आणि आधी लघवीतून प्रोटीन गळू लागतं. म्हणून सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धरा आणि यूपीसी (लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण) करून घ्या. ०.५ च्या वर आलं तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर आकडा उगाच फुगतो, ते आधी बघा. या आजारांवरच्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. कुत्रं चौथ्या दिवशी जेवायला लागलं म्हणून कृपा करून मध्येच सोडू नका. माणसाला गोचीड चावल्यावर ताप आला, लघवी गडद किंवा कमी झाली, तर चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.