मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी

हल्ली आमच्या बीडकडं कुणी फौजी पेन्शनीवर आला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. डीजे, फेटे, जेसीबीतून फुलं. निघावीच. माझा राग दुसऱ्या दिवसापासून त्याला वाऱ्यावर सोडतात त्यावर आहे.

वय बघा. शिपाई म्हणून गेलेला गडी सतरा-अठरा वर्षं काढून चाळिशीच्या आत घरी येतो. पोरं शाळेत, वाट्याला तीन एकर कोरडवाहू. पेन्शन असते, वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) आल्यावर ती सुधारलीही. पण तिच्याकडं बघूनच गाव म्हणतं, "तुला काय कमी?" उसने मागणारे आणि बांध कोरणारे भाऊबंद एकदमच जागे होतात.

आमच्या गल्लीतल्या मेजरचं सांगतो. (हुद्दा नायकाचा, पण गावात मिल्ट्रीतला प्रत्येक जण मेजरच.) 1999 ला कारगिलच्या वेळी ते द्रासला बोफोर्स तोफेवर होते. दणक्यानं डावा कान गेला. त्या बाजूनं कुणी राम राम घातला तर ऐकू येत नाही, आणि लोक म्हणतात, फौजी माजलाय. हा कान कागदावर कुठंच नाही. मेडिकल कॅटेगरी (फौजेतली तब्येतीची श्रेणी) उतरली की बढती अडते, म्हणून नोकरीत कधी बोलले नाहीत. सुटताना मेडिकल बोर्डापुढंही "सब ठीक, साब" म्हणून सही केली. घरची ओढ लागलेली. आता अपंगत्वाची पेन्शन मागायची तर इजा नोकरीतच झाली याचे कागद पाहिजेत. आणायचे कुठून?

आज ते साखर कारखान्याच्या गेटवर एजन्सीमार्फत बारा तास उभे असतात. ट्रॅक्टरचा नंबर, वेळ, सही. बूट मात्र अजून तोंड दिसेल असे. घरी निराळीच तऱ्हा. इतकी वर्षं वहिनींनी शेत, सासू, सोसायटीचं कर्ज एकटीनं ओढलं. आता नवरा विचारतो, फवारणी कुणाला विचारून केली? "घरात रोलकॉल सुरू झालाय," त्या हसून सांगतात. मेजर रात्री दोन-दोनला अंगणात फेऱ्या मारतात, ते मात्र कुणी बोलत नाही. डॉक्टर गाठला तर "येडा झालाय" म्हणून बोभाटा.

राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, खरंय. पण चाळिशीतल्या माणसाची लेखी परीक्षेची तयारी कोण करून घेतं? सैनिक कल्याण कार्यालय जिल्ह्याला. एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि तिथं गेल्यावर एक झेरॉक्स कमी निघते.

त्यात आता अग्निवीर, म्हणजे चार वर्षांपुरते भरती केलेले जवान. 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या शेवटी भरतात. जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. बाकीचे सेवानिधीचे (सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) पावणेबारा लाखांच्या आसपास घेऊन ऐन उमेदीत घरी, पेन्शन नाही. मोठ्या योजना होतील तेव्हा होतील. आधी महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला कल्याण कार्यालयाचा एक माणूस बसवा, अर्ज भरून घेणारा. टेबल-खुर्ची तहसीलमध्ये आहेच.