अनुभव हवा, पण तो मिळवायचा कोणाच्या खर्चाने?

आज सकाळी वकिलांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर पणजीतील एका कार्यालयाची जाहिरात आली आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. ज्युनियर वकील पाहिजे. वकिलीची सनद हवी, ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण हवी, किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, दावे आणि कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरे) स्वतंत्रपणे लिहिता यायला हव्यात, इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याच्या कामाची माहिती हवी, स्वतःचे वाहन हवे, आणि पोर्तुगीज येत असल्यास प्राधान्य. मानधनाच्या रकान्यात मात्र दोनच शब्द : चर्चेअंती निश्चित. तीन वर्षे कोर्टात उभे राहिलेल्या माणसाला ज्युनियर म्हणायचे, त्याच्याकडून सिनियरचे काम करून घ्यायचे आणि हातावर काय ठेवणार ते सांगायचे नाही, हा प्रकार आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की गटावर कोणी चकार शब्द काढला नाही.

माझी भाची वाळपईहून अशाच एका कार्यालयात मुलाखतीला गेली होती. पहिला प्रश्न कायद्याचा नव्हताच. "घरात कोण वकील आहे?" तिने सांगितले, मामा आहेत, डिचोलीला. "मग मामांकडेच का नाही बसत?" आता माझे बहुतेक काम मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि कूळ प्रकरणांचे, मामलेदारांसमोर चालणारे, तिला पर्वरीला उच्च न्यायालयात काम शिकायचे आहे. हे तिने नीट सांगितले. त्यावर त्या गृहस्थांनी कपाटातून एक जुना हस्तलिखित पोर्तुगीज दस्त काढला आणि तिच्यापुढे सरकवला. कागद घड्यांवर फाटत आलेला, शाई तपकिरी झालेली. तिला अक्षरे लागली, अर्थ लागला नाही.

गोव्यात जमिनीची वकिली करायची तर हे दस्त वाचता यायला हवेत, हे मी मान्य करतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आपला कौटुंबिक कायदा अजून टिकून आहे, आणि वारसा व इन्व्हेंटरीसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा झाला तरी जुने हक्क जुन्याच कागदांवर उभे आहेत. पण ही भाषा कायद्याच्या पदवीसाठी कोणाला सक्तीची नाही. ज्याच्या आजोबांच्या कपाटात असे दस्त होते त्यालाच ती आयती मिळते. बाकीच्यांनी ती कार्यालयात बसूनच शिकायची असते, आणि कार्यालयात बसायला तर ती आधी यायला हवी!

मुलाखतीच्या शेवटी पैशांचा विषय तिनेच काढला. उत्तर आले, "बाय, पहिले सहा महिने शिकण्याचे. पैशांचे मागाहून बघू." अशील संध्याकाळी येतात, त्यामुळे रात्री नऊपर्यंत थांबावे लागेल, हेही वर सांगितले. रात्री नऊला पणजीतून सुटलेल्या मुलीने वाळपई कशी गाठायची, याचा विचार त्यांनी केला नसावा. पणजीत खोली घ्यायची तर भाडे कोण देणार, याचाही नाही. म्हणजे वडिलांचे पणजीत घर असलेला, किंवा वडिलांचेच कार्यालय असलेला उमेदवार त्यांना हवा होता. तसे जाहिरातीत लिहिले असते तर भाचीचे बसभाडे तरी वाचले असते.

यावर माझे काही मित्र म्हणतील की खासगी नोकरी पत्करावी. पत्करावी, पण मग सनद स्थगित करावी लागते, कारण वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. त्या कंपनीत घालवलेली वर्षे वकिलीची वर्षे म्हणून धरली जात नाहीत. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने परत आणली. सरकारी वकील व्हायचे तर सात वर्षे, नोटरीसाठी सर्वसाधारणपणे दहा. प्रत्येक दारावर वर्षांची पाटी आहे, आणि त्यातली पहिली वर्षे फुकट राबण्याची आहेत, हे त्या पाटीवर कोणी लिहीत नाही. अनुभव नसलेला न्यायाधीश लोकांना नको, हे मलाही पटते. पण अट घालणाऱ्यांनी त्या तीन वर्षांत माणसाने जेवायचे काय, हेही सांगायला हवे होते.

नव्या ज्युनियरला शिकवण्यात सिनियरचा वेळ जातो आणि सुरुवातीला त्याच्याकडून उत्पन्न होत नाही, हे खरे आहे. बरे, मान्य. पण बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघणे, तारखा घेणे, नकला मिळवणे, पासओव्हर, म्हणजे खटला थोड्या वेळाने पुकारावा अशी मुभा मागायला पळणे, ही कामे पहिल्या दिवसापासून ज्युनियरच करतो.

सगळेच सिनियर असे नसतात, हे लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात माझे सिनियर दर शनिवारी संध्याकाळी पाकीट देत आणि कोर्टात माझी उलटतपासणी फसली तर पक्षकारासमोर कधी बोलत नसत. दार लावून बोलत. असे लोक आजही म्हापशाला, फोंड्याला, मडगावला आहेत. ते जाहिराती देत नाहीत, त्यांच्याकडे जागाही क्वचित रिकामी होते.

नोंदणी शुल्क ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये राज्यांच्या बार कौन्सिलांना बजावले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले की ज्युनियरना शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक स्टायपेंड द्यावा. त्या वेळी टाळ्या ऐकू आल्या नाहीत. परिपत्रक बंधनकारक नाही, केवळ शिफारस आहे, हे मला ठाऊक आहे, आणि ते मला ऐकवणाऱ्या सगळ्यांनाही अगदी तोंडपाठ आहे. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार माझ्याकडे मत मागायला येईल, त्याला मी एवढेच विचारणार आहे की त्याच्या स्वतःच्या कार्यालयातील ज्युनियरला तो महिन्याला किती रुपये देतो, आणि उत्तर ज्युनियरच्या समोर द्यायचे आहे.