तपकिरी टरफलाचा रंग आतपर्यंत पोचत नाही

"तपकिरी अंडी नैसर्गिक, पांढरी ब्लीच केलेली. तपकिरीत प्रथिनं आणि ओमेगा-३ जास्त, टरफल जाड, चव अस्सल. मुलांना पांढरी अंडी देऊ नका." अशा अर्थाचा संदेश गेली कित्येक वर्षं या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. मला सगळ्यात जास्त टोचतं ते त्यातलं शेवटचं वाक्य. ज्या घरात महागडी तपकिरी अंडी रोज परवडत नाहीत, तिथली आई हे वाचून मुलाच्या ताटातलं अंडं कमी करेल, नाहीतर आपण लेकराला काहीतरी हिणकस खाऊ घालतोय असं मनाला लावून घेईल. दोन्हींची काहीही गरज नाही.

ब्लीचचा दावा सगळ्यात आधी घेऊ, कारण बाकीचे दावे त्याच्याच आधारावर उभे आहेत. तपकिरी अंडं फोडल्यावर टरफल फेकू नका, उलटं करून आतून बघा. ते पांढरं दिसेल. टरफलाचा सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूत असतं त्याच पदार्थाचा असतो आणि तो मुळातच पांढरा आहे. पिवळा बलक भरून सुटला की कोंबडीच्या पोटात त्याचं पूर्ण अंडं व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले 20 च्या आसपास तास एकट्या टरफलाला जातात. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य टरफलावर चढतं, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या काही तासांत. लेगहॉर्न या पांढरी अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबडीच्या शरीरात हे रंगकाम जवळजवळ होतच नाही. म्हणजे पांढऱ्या अंड्यावरून कोणी काही पुसून काढलेलं नसतं, तपकिरीवर कोंबडीनंच शेवटी एक हात फिरवलेला असतो. खात्री करायची असेल तर तपकिरी अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. वरचा थर विरघळू लागला की रंग सुटतो आणि खालचं पांढरं टरफल उघडं पडतं.

निळसर अंड्यांची तऱ्हा वेगळी. चिलीतल्या अरौकाना कोंबडीच्या अंड्यात बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य टरफलाच्या पूर्ण जाडीत मुरतं, म्हणून ते आतूनही निळं असतं. या अंड्यांत कोलेस्टेरॉल कमी असतं असा बोलबाला पूर्वी झाला होता. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा तो टिकला नाही. रंग बदलला की गुणही बदलत असणार, हा समज तपकिरीपुरताच नाही, तो असा जुना आहे.

आता प्रथिनं आणि ओमेगा-३. इथे घटनांचा क्रम लक्षात घेतला की निम्मा प्रश्न सुटतो. पिवळा बलक अंडाशयात शेवटचे आठ-दहा दिवस झपाट्यानं भरत जातो. मग तो बीजवाहिनीत, म्हणजे अंडं पुढे नेणाऱ्या नळीत, उतरतो, त्याच्याभोवती काही तासांत पांढरा भाग जमतो, त्यावर पातळ पापुद्रे येतात आणि त्यानंतर टरफल. रंगाची वेळ येते तेव्हा प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं सगळी आत बंद झालेली असतात. बाहेरून चढणाऱ्या रंगाला आतल्या मालात भर घालायला वाटच उरत नाही. टरफलाशिवाय 50 ग्रॅम अंडं घेतलं तर त्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, 5 ग्रॅम चरबी आणि 70 च्या आसपास कॅलरी मिळतात, टरफल कुठल्याही रंगाचं असो.

ओमेगा-३ मात्र खरोखर कमीजास्त होतं, आणि ते होतं खाद्यामुळे. कोंबडीला जवस किंवा माशाचं तेल दिलं की तिच्या बलकात ओमेगा-३ वाढतं. ड जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, आयोडीन, सेलेनियम यांचंही असंच आहे. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला जवस घातलं तर ते तिच्या पांढऱ्या अंड्यात उतरतं. तपकिरी देणारीला घातलं नाही तर तिच्या अंड्यात ते आपोआप येत नाही. जातीजातींत अंड्याचा आकार आणि बलकाचं प्रमाण थोडं बदलतं, हे मान्य. पण तो जातीचा गुण आहे, रंगाची देणगी नाही.

केशरी बलकाचीही इथेच सरमिसळ होते. बलकाचा रंग मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क यांतल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो. त्यावरून कोंबडीनं काय खाल्लं याचा थोडा अंदाज बांधता येतो, प्रथिनांचा नाही.

टरफलाच्या जाडीबद्दल फार लिहायला नको. ती कोंबडीचं वय आणि तिला मिळणारं कॅल्शियम यांवर बरीच ठरते. वय वाढलं की अंडी मोठी होतात आणि टरफल पातळ.

मग तपकिरी अंडी महाग का? ती देणाऱ्या जाती सहसा वजनाला भारी असतात आणि एका अंड्यामागे जास्त खाद्य खातात. आता हा फरक कमी झाला आहे, तरी जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त कस मिळाला ही समजूत तिथूनच घट्ट झाली असावी.

राहिली चव. "आम्हाला फरक कळतो" असं सांगणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. अंड्याअंड्यांत चवीचा फरक असतोच. अंडं जुनं होत जातं तसा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग पातळ होतो, त्याचा अल्कधर्मी गुण वाढतो. ताजं तपकिरी आणि तीन आठवड्यांचं पांढरं अंडं शेजारी ठेवून खाल्लंत तर फरक जाणवेल, पण तो ताजेपणाचा.

रंग आणि चव यांचा एक खरा संबंध शास्त्रज्ञांना सापडला आहे, आणि तो नेमका संदेशाच्या उलट बाजूचा आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत एफएमओ३ या जनुकात दोष होता. अशा कोंबडीला रेपसीडची, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबीची, पेंड खायला दिली की तिच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन हे उग्र वासाचं रसायन साठायचं आणि अंड्याला मासळीसारखा वास यायचा. तिथेही गुन्हेगार रंग नव्हता. एक जनुक आणि एक खाद्य यांची ती गाठ होती, म्हणून यावरून "पांढरी अंडी चवदार" असं म्हणणंही तितकंच चूक ठरेल.

कोणाचं अजूनही समाधान झालं नसेल तर घरी करून बघा. एकाच तारखेची, सारख्या आकाराची पांढरी आणि तपकिरी अंडी घ्या, सारखाच वेळ उकडा, दुसऱ्या खोलीत कोणाला तरी सोलायला सांगा. तुमच्यापुढे तीन तुकडे यावेत: दोन एका रंगाच्या अंड्याचे, एक दुसऱ्या रंगाच्या. डोळे बांधून त्यातला वेगळा तुकडा ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तीनदा सांगितलंत तर सरासरी एकदा बरोबर येणारच, म्हणून एका फेरीवर थांबू नका. निदान बारा वेळा करा, आणि दर वेळी उत्तर कागदावर लिहून झाल्यावरच टरफलं बघा.