‘३००० स्टॉल’ म्हणजे ३००० फेऱ्यांपर्यंत गाडी हलतच नाही? छे!

जुन्या अमेरिकन मसल कारच्या (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्यांच्या) चाहत्यांत एक समज फिरतोय: ३००० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा भाग) बसवला की इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर जाईपर्यंत गाडी जागची हलत नाही. हे चूक आहे. ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेक सोडला की अशी गाडीसुद्धा सरकतेच, फक्त जरा आळसावून. चाकं रोखून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिन जिथे अडतं, तो आकडा म्हणजे स्टॉल.

आणि तो कन्व्हर्टरवर कोरलेला नसतो. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढला की तोही चढतो. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसमधल्या ४५४ घनइंची ‘बिग ब्लॉक’ इंजिनामागे जो कन्व्हर्टर ३००० दाखवेल, तोच साध्या ३५० घनइंची इंजिनामागे बराच खाली अडेल. म्हणून नुसता खोक्यावरचा आकडा बघून मागवू नका. विक्रेत्याला इंजिन, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), गाडीचं वजन आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या घेतो) सांगा. (जो हे विचारतच नाही, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.)

‘स्टॉल जितका जास्त तितकी गाडी पळते’ हेही अर्धंच खरं. २.७३ गुणोत्तराचा एक्सल, २६ इंची टायर, टर्बो ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम २१०० फेऱ्यांवर. तिथे ३५०० चा कन्व्हर्टर लावलात तर तो हायवेभर आतल्या आत घसरत राहील (इंजिनाची बाजू गिअरबॉक्सच्या बाजूपेक्षा जोरात फिरेल) आणि त्या घसरण्याची उष्णता जाईल ट्रान्समिशनच्या तेलात. तेल करपलं की गिअरबॉक्समधले क्लच जायला वेळ लागत नाही. कंपनीचाच मूळ कॅम असलेल्या गाडीला मूळचा कन्व्हर्टरच पुरतो.