परातीतल्या डाळी आणि तासभराची शांतता

पावसाची झड लागली की खानापूर-बेळगावकडच्या पालकांच्या मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: परातीत चार डाळी मिसळून द्या, मूल तासभर शांत निवडत बसेल, मिठाचा मैदा मळून द्या, खाल्ला तरी चालतो, खेळणी भरपूर मांडा, आणि मुलापुढं मराठी-कन्नड एकत्र बोलू नका, ते गोंधळतं. यातलं एकही जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

आधी डाळी. हरभरा, वाटाणा, शेंगदाणा तीन वर्षांखालच्या मुलापुढं ठेवायचाच नाही. दाणा तोंडात जातो, नाहीतर नाकात. नाकातल्या ओलाव्यानं हरभरा फुगून अडकतो आणि चिमट्यानं काढायला गेलं की आणखी आत सरकतो. तिथं घरगुती उपाय न करता कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठायचे. खेळताना एकाएकी ठसका लागला आणि मागं घरघर राहिली, तर दाणा श्वासनळीत गेला असं धरून दवाखान्यात न्यायचं, ठसका थांबला तरीही. खेळण्यांच्या सुरक्षेचा निकष सोपा आहे: साधारण ३.२ सेंमी रुंदीच्या नळीत जे मावतं, ते या वयाला नको.

लहानग्याला बटाटे-कांदे द्या. पाच बटाटे, पाच कांदे, दोन बुट्ट्या. पहिले दोन तुम्ही टाकून दाखवा आणि मग गप्प राहा. ‘तो नव्हे, तिकडं’ असं सांगत बसलं की मूल उठून जातं. कांद्याची सुटी सालं आधी काढा, नाहीतर सगळा वेळ सोलण्यातच जाईल. (तोही खेळ वाईट नाही.)

चार वर्षांच्या पुढं डाळी जरूर द्या, तुम्ही शेजारी बसून. पण दोनच प्रकार, लांबून वेगळे दिसणारे: हिरवा वाटाणा आणि काळा हरभरा, वीस-वीस दाणे. राजमा नको, कच्चा पोटात गेला तर उलट्या होतात. मूग-मसुराची मिसळलेली मूठ तर मोठ्यांनाही निवडवत नाही. दहा मिनिटं रमलं तर खेळ जमला म्हणायचं.

मैद्याचं प्रमाण असं: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, १ चमचा तेल आणि लागेल तसं पाऊण वाटीपर्यंत पाणी. म्हणजे कोरड्या मापात तिसरा हिस्सा मीठच. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं, त्यामुळं ‘खाल्ला तरी चालतो’ हे साफ चूक. जे अजून तोंडात घालतं, त्याला चपातीची कणीक द्या आणि संध्याकाळी टाकून द्या. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोळा दुसऱ्या दिवशी चिकट होतो; मूठभर कोरडा मैदा लावून पुन्हा मळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रंगाला हळद घातली तर कपडे पिवळे होतील. बीटचा रस बरा.

खेळण्यांच्या ढिगाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात १६ खेळण्यांपेक्षा ४ खेळणी असताना मुलं एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. चार बाहेर, बाकीची ट्रंकेत, आठवड्यानं बदला. गोकाकची रंगीत लाकडी फळं देखणी असतात, पण जुन्याचा रंग पोपडे धरत असेल तर ते फडताळातच शोभतं.

मुळात मुलाला ‘शांत’ बसवण्याचा हट्टच उफराटा. जागतिक आरोग्य संघटना १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगते, आणि झड आठवडाभर हटत नसेल तर ती घरातच व्हायला हवी. शहाबादी फरशीवर खडूनं पाच चौकोन आखा, प्रत्येक बाजू फूटभर. फरशी दमट असेल तर खडू उमटत नाही आणि पायही घसरतो. आधी कोरडी पुसा, मुलाचे मोजे काढा. गुळगुळीत टाइल्सवर खडू टिकत नाही, तिथं वर्तमानपत्राचे तुकडे चारी कडांनी चिकटपट्टीनं पक्के करा. दीड-दोन वर्षांचं मूल चौकोनावरून नुसतं चालेल, तेवढं पुरे. उड्या तिसऱ्या वर्षापासून.

भाषेचा मुद्दा इथंच निकालात निघतो. दोन भाषांत वाढणारं मूल एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द घालतं, त्याला गोंधळ म्हणत नाहीत. जाताना एक, दोन, तीन, चार, पाच. परत येताना ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. घरात कुणाला कन्नड येत नसेल तर शेजारच्या अज्जींना बोलवा. त्यांना खुर्ची द्या, चौकोन मोजायचं काम त्यांच्याकडं.