मधाची बरणी, घट्ट झाकण आणि एक फिरता निरोप

नाशिकच्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या हा निरोप फिरतोय: ‘एक वाटी मध, तीन वाट्या पाणी, काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा, 15 दिवस उन्हात ठेवा. घरची मीड तयार! मध नासत नाही, म्हणून हीसुद्धा नासत नाही. ही दारू नाही, औषध आहे. परवाना लागत नाही, मधुमेह असला तरी चालते.’ मीड म्हणजे मध-पाणी आंबवून केलेली दारू. मी इथल्याच एका वायनरीत किण्वनाच्या टाक्या सांभाळते. हे वाचून गप्प बसवेना.

सगळ्यात आधी झाकण. किलोभर मधात साधारण 800 ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खातं, तेव्हा साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सगळी साखर आंबली तर सुमारे 200 लिटर वायू! बंद बरणीत तो जाणार कुठे? गेल्या हिवाळ्यात पंचवटीत आमच्या ओळखीच्या एका घरी अशीच बरणी मध्यरात्री फुटली. ओट्यापासून दारापर्यंत काचा होत्या. दिवसा फुटली असती तर? आपल्या आज्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधायच्या, त्यातून वायू तरी निघून जायचा. पण फडक्यातून हवाही आत जाते, आणि ती मिळाली की दारूचा शिरका होतो. म्हणून मीडवर एअरलॉक लावतात: वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, हवा आत येत नाही. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं, असंही नाही. थंडीनं यीस्ट नुसतं सुस्तावलेलं असू शकतं. आठवड्याच्या अंतरानं हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते सांगणाऱ्या उपकरणाचा) आकडा हलला नाही, तरच बाटली भरायचा विचार करायचा.

मध नासत नाही, हे खरं, पण त्यात पाणी जेमतेम 17-18 टक्के असतं तोवरच. पाणी घातलंत की ते संरक्षण गेलं; म्हणून तर तो आंबतो. शिवाय यीस्टला लागणारा नायट्रोजन मधात फार कमी असतो. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. सुरुवातीच्या दिवसांत त्याला थोडं थोडं पोषण द्यावं लागतं, रोज ढवळून वायू मोकळा करावा लागतो. लेकरासारखं बघावं लागतं त्याच्याकडे.

ऊन साखरांब्याला चांगलं, यीस्टला नाही. 20 अंशांच्या आसपास ते शांतपणे काम करतं. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात घसा जाळणारी अल्कोहोलं तयार होतात.

या निरोपाला उत्तर म्हणून ‘मीडनं आंधळेपण येतं’ असंही कुणी पाठवलंय. तेही चूक. आंधळेपण येतं ते मिथेनॉल या विषारी अल्कोहोलनं. ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून (जॅम घट्ट करणाऱ्या घटकापासून) होतं, मधात पेक्टिन जवळपास नसतंच. विषारी दारूतले बळी बहुधा त्यात मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलचे असतात.

‘औषध’ म्हणाल, तर मीडमध्ये वाईनइतकं अल्कोहोल असू शकतं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्यानं धोकादायक खाली जाऊ शकते. आणि 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते मधाचं का असेना.

निरोप वाचून कुणी बरणी लावलीच असेल, तर ती उचलू नका, हलवू नका. मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. बरणीवर जाड टॉवेल टाका, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण अगदी हळूहळू सैल करा. आजच.