'मग प्लांट काय शोभेला बांधलाय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सांडपाणी केंद्रात विषारी रसायन शिरलं तर काय करावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "रसायन आलं की माणसं बाहेर काढा, इनलेट बंद करा, असं तुम्ही सांगता. (इनलेट म्हणजे पाणी आत येण्याचं दार.) मग प्लांट काय शोभेला बांधलाय? तुम्ही दार लावून बसणार आणि ते पाणी खाम नदीतून आमच्या विहिरीत येणार. ही कारखानदारांची वकिली झाली."

खामकाठच्या माणसाने हे विचारायचं नाही तर कोणी? पण तुमचा राग निघतोय ऑपरेटरवर, आणि विष त्याने आणलेलं नाही.

शहराचा प्लांट घरगुती मैलापाण्यासाठी बांधलेला असतो. तिथलं काम यंत्रं कमी आणि एअरेशन टँकमधले (हवा फुंकायच्या टाकीतले) जिवाणू जास्त करतात. ब्लोअरची हवा आणि खायला मैला मिळाला की ते खूश. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, त्यांच्या जोडीला प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवणारी, छोटी युनिटं असतात. त्यातल्या एखाद्याने क्रोमियमचं जुनं द्रावण रात्री ड्रेनेजमध्ये ओतलं तर हेच जिवाणू मरतात. अमोनिया खाणारे तर फार नाजूक आणि वाढीला सावकाश, त्यांची वस्ती पुन्हा बसायला आठवडे जातात. तोवर तुमच्याकडे येणारं रोजचं पाणीही कच्चंच येणार. म्हणजे 'साफ करून टाका' म्हणत विष आत घेतलं, तर प्लांट जातो आणि विषही जागेवरच राहतं.

कारण धातू जिवाणूंनी खाऊन संपत नाही. सहा-संयुजी क्रोमियमवरचा (प्लेटिंगच्या द्रावणातला हाच विषारी प्रकार) नेहमीचा इलाज कारखान्यातच सोपा पडतो : आम्ल घालून द्रावण २ ते ३ पीएचवर (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) आणायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, मग चुन्याने पीएच ८-९ करून हिरवा गाळ खाली बसवायचा. एका टाकीचं काम. तेच द्रावण कोट्यवधी लिटर मैल्यात मिसळल्यावर सगळ्या पाण्याला आम्ल घालत बसणार का? फेरस सल्फेटने आम्लाशिवायही काही जमतं, पण गाळ भरमसाट होतो, आणि तो शेतात टाकता येत नाही. (असा वाळलेला गाळ कुणी फुकट खत म्हणून देऊ केला तर घेऊ नका.)

'माणसं आधी बाहेर' यावर तुम्ही घाबरट म्हणालात. अमेरिकेतल्या लुईव्हिलचं ऐका. मार्च १९७७. तिथल्या प्लांटच्या जाळ्यांवर चिकट पदार्थ अडकला. काय आहे ते न तपासता कामगारांनी तो वाफेने धुवायला घेतला, आणि निळसर धुकं उठलं. डोळे, घसा, छाती धरून माणसं दवाखान्यात गेली. कीटकनाशकं बनवताना वापरतात ते रसायन कुणीतरी गटारात सोडलं होतं. प्लांट काही महिने बंद राहिला आणि रोज सुमारे ३८ कोटी लिटर कच्चं पाणी ओहायो नदीत गेलं. आणि सुरतजवळच्या सचिन वसाहतीत जानेवारी २०२२ मध्ये टँकरने नाल्यात रसायन सोडलं, तेव्हा विषारी वायूने ६ कामगारांचा जीव गेला. हायड्रोजन सल्फाइड तर असा वायू आहे की प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून आत उतरलेला माणूस वर येत नाही.

बायपासचं, म्हणजे पाणी शुद्ध न करता परस्पर नदीत सोडण्याचं, समर्थन मात्र मी केलेलं नाही. इनलेट बंद केल्यावर पाणी थांबवायला जागा हवी : वरची पंपिंग स्टेशनं काही तास थांबवायची, दूषित पाणी रिकाम्या टाकीत वळवायचं. अशी टाकी नकाशात असते आणि प्रत्यक्षात गाळाने भरलेली, हे मी पाहिलंय. तुम्ही भांडायचं तर त्या टाकीवरून भांडा, मी सोबत येतो. आणि मॅनहोलच्या नमुन्यांवरून. सार्वजनिक गटारात सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. प्लांटच्या तोंडाशी मोजलं तर कोट्यवधी लिटरमध्ये ते विरघळून दिसेनासं होतं. एकेक मॅनहोल मागे मागे जात रात्री नमुने घेतले तरच युनिटचं दार सापडतं. हे काम कारखानदारांना आवडत नाही, तेव्हा वकिलीचा आरोप मी परत करतो.

तुम्ही शेवटी विहिरीबद्दल विचारलंत. पिवळसर झाक किंवा उग्र वास असेल तर ते पाणी पिऊ नका आणि जनावरांनाही देऊ नका. उकळून उपयोग नाही, पाणी आटलं की धातू उलट जास्त दाट होतो. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरा, वर तारीख-वेळ लिहा, आणि प्रयोगशाळेला 'क्रोमियम, शिसं, निकेल' असं नाव घेऊन तपासायला सांगा. नाहीतर ते फक्त क्षार आणि जंतू बघून 'पाणी ठीक' असा कागद हातात देतात.